एक जूनला कोणीच जन्मलं नव्हतं

गुरुजी,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. माझं नाव पुकारलं तरी मी उठले नाही, खाली मान घालून बसून राहिले. माझ्या आधीच्या मंडळींनी तुम्हाला इतकं गुळगुळीत करून ठेवलं होतं की हा माणूस कोण हेच मला कळेना. मितभाषी म्हणे! पाढे चुकले की तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. अजातशत्रू म्हणे! भर कोर्टात सरकारी वकिलानं तुम्हाला खोटारडा म्हटलं, ते मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही. जणू माझ्या भावाच्या, कैलासच्या केसची ती वर्षं तुम्ही जगलातच नाहीत. फोटोला हार घातला, चहा झाला, सगळे आपापल्या घरी गेले. मी घरी येऊन भांडी आदळायला लागले. नवरा म्हणाला, "कोणावर चिडलीस एवढी?" म्हटलं, "गुरुजींवर."

खरंच चिडलेय. अहमदाबादला हायकोर्टात अपिलाच्या वेळी सोबत येतो म्हणाला होतात. "शोभे, व्हीलचेअरवर बसून यावं लागलं तरी येईन," हे तुमचेच शब्द. आणि तारीख लागायच्या आत दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. माझ्या भावाच्या जन्मठेपेचं काय ते ठरायचंय अजून, आणि तो लेकरू होता हे शपथेवर सांगणारा घराबाहेरचा माणूस तुम्ही एकटेच होतात. तुमचं-माझं भांडणही अर्धं राहिलंय. ते मी असं सोडणार नाही. तुम्हाला ऐकू येवो न येवो, मी बोलणार.

आठवतं ना, आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला होता? एक जून. मी एक जून, माझ्या बाकावरची एक जून, मागच्या रांगेतली सगळी उनाड टोळी एक जून. आम्हाला वाटायचं खानदेशातली माणसं त्याच दिवशी जन्मतात. आमची आईबापं जळगाव-धुळ्याकडून लूमच्या कामाला सुरतेला आलेली, पोरं खोलीतच सुईणीच्या हातून झालेली, जन्माचा कागद कोणाजवळ असणार? बाया तुमच्या टेबलापुढं उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, आखाजीच्या आसपासचा आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे. तुम्ही पोराकडं एकदा वर-खाली बघायचात आणि लिहून टाकायचात. गावाकडच्या शाळेतली रीत तुम्ही सुरतेच्या मराठी शाळेत घेऊन आला होतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून एक जून. त्यात कपट नव्हतं, कोणाचं नुकसानही होत नव्हतं. उलट पोरगं शाळेत बसायचं.

कैलासला तर तुम्ही वर्ष-सव्वा वर्ष वाढवूनच घेतलंत. बाप गेलेला, मायला साड्यांचे धागे कापायला मार्केटात जायचं, चार वर्षंही पुरी न झालेलं पोर ठेवायचं कुठं? मायनं तुमच्यापुढं पदर पसरला. तुम्ही म्हणालात, "बसू दे माझ्याजवळ," आणि कागदावर त्याची पाच वर्षं पुरी झाली. पहिलीच्या वर्गात तो तुमच्या खुर्चीखाली झोपायचा. तुम्ही पाय आखडून बसायचात दिवसभर. मी चौथीत होते, डबा द्यायला यायचे, म्हणून मला माहीत.

मग सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढची ती उत्तराण, पतंगांची संक्रांत. सगळी सुरत गच्चीवर चढलेली, "काप्यो छे"चा ओरडा, भोंग्यांवर गाणी. कैलास तेव्हा शाळा सोडून लूमवर लागला होता, उंच झाला होता, ओठावर कोवळी लव आली होती. आमच्याच गल्लीतला मुकेश, एकोणीस वर्षांचा, त्याचा कटलेला पतंग कैलासनं धरला आणि परत देईना. मुकेशनं सगळ्या पोरांपुढं त्याच्या दोन थोबाडीत लावल्या. वर म्हणाला, "जा, तुझ्या बापाला बोलाव." बाप नाही हे गल्लीला माहीत. पोरं हसली, कोणीतरी शिटी मारली. कैलास जिना उतरला, अनवाणी पळत घरी आला, दाराला अडसर म्हणून मायनं मागाचा एक मोडका धोटा ठेवला होता, लाकडाचा, टोकाला लोखंड असलेला, तो उचलला आणि पळत गेला. एकच फटका मारला. कानामागं. मुकेश पडला तो पडला.

हे मी लपवत नाही. माझ्या भावानं माणूस मारला. पण त्यानंतर तो पळाला नाही हेही खरं. मुकेशचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याला हलवून म्हणत होता, "उठ ना यार, मजाक मत कर." पोलीस आले तेव्हाही तेच म्हणत होता. मेलेला माणूस उठत नाही, एवढंसुद्धा त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही आमच्या दारात आलात. आत या म्हटलं तर आला नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणालात, "शोभे, माझ्या पेनानं घात केला." मला काही उमगेना. मग आमच्या वकिलानं समजावलं. कायद्यानं सोळाच्या आतलं पोरगं बालक, त्याला सुधारगृह. सोळा पुरी झाली की तो मोठा माणूस, त्याला मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचा जेल, मोठ्यांची जन्मठेप. खरं वय पंधरा आणि वर काही महिने. एक जूनच्या हिशेबानं सोळा उलटून गेलेली. त्या दिवशी मायनं कपाळावर हात मारला, पण तुम्हाला एक शब्द बोलली नाही. तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही ते उभ्यानंच प्यालात.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते तुमचे. ज्याला त्याला वाटत होतं तुम्ही कोर्टात जाऊ नये. सरकारी दप्तरात खोटं लिहिलं असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे पेन्शनवर पाणी. काकू रडल्या, तुमच्या मोठ्या मुलानं तर अबोला धरला. तुम्ही धोतर बदललंत, टोपी घातलीत आणि साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिलात. सरकारी वकिलानं विचारलं, "ही तारीख तुम्ही लिहिली?" "हो." "खोटी लिहिली?" "हो, खोटी लिहिली. एकट्या याचीच नाही, सगळ्यांची लिहिली. एक जूनला कोणीच जन्मलं नव्हतं, साहेब." कोर्ट हसलं. मला आजही त्या हसण्याची चीड येते.

सरकारी वकील म्हणाला, तेव्हा खोटं बोललात तर आता खरं कशावरून? आरोपी तुमच्या जातगल्लीतला आहे, म्हणून वाचवायला आलात. बघा म्हणजे कमाल! तुमचं खोटं त्यांनी खरं धरलं आणि तुमचं खरं खोटं ठरवलं. रजिस्टरातल्या तुमच्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता, तुमच्यावर नव्हता.

मायची साक्ष तर तुम्हाला पाठच झाली होती. किती वेळा आपण दोघं ती आठवून हसलो. जजसाहेबांनी विचारलं, "कयुं वरस?" माय अहिराणीत म्हणाली, "साल माले म्हाईत नही. शोभाले गोवर निंघना व्हता त्या साले. कानबाईना टाइमले जनमना तो, मना हातले पीठ व्हतं." रोटाचे गहू दळायला बसली होती ती, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे, आणि कळा सुरू झाल्या. जजसाहेब गुजराती, त्यांना अर्धीअधिक अहिराणी कळली असणार, ती काही त्यांच्यापासून फार लांबची भाषा नाही. पण गोवर आणि पीठ कागदावर कसं लिहायचं? मायला उतरवलं तर ती उतरता उतरता पुन्हा वळली. "धाकला शे तो, साहेब. उंच दिसस, पन धाकला शे."

मग डॉक्टर. कैलासच्या मनगटाचे, कोपराचे फोटो काढले आणि हाडं बघून सांगितलं, सोळा ते अठरा. झालं! हाडांनी साक्ष दिली. गुरुजी, तेव्हापासून मला एकच विचारायचंय, आणि मी ते कोर्टाच्या पायरीवर तुम्हाला ओरडून विचारलं होतं. फटका काय मनगटानं ठरवला होता? डोक्याचा फोटो कोणी का नाही काढला? थोबाडीत बसल्यावर त्या डोक्यात काय पेटलं आणि ते विझवणारं त्याच्याजवळ काही होतं का, हे बघायचं मशीन नव्हतं तर निदान तुम्हाला तरी विचारायचं होतं. जन्म गेला तुमचा त्या वयाची पोरं सांभाळण्यात.

आणि तुम्ही सांगायला गेलाच होतात! सरकारी वकील म्हणाला, घरी गेला, हत्यार घेतलं, परत आला, म्हणजे पूर्ण विचार करून केलेलं काम आहे. तेव्हा तुम्ही विचारल्याशिवाय बोललात. म्हणालात, "साहेब, माझ्या सातवीतला एक मुलगा गॅलरीवरून खाली उडी मारतो, चार पोरं बघतायत म्हणून. पाय मोडल्यावर विचारलं का मारलीस, तर म्हणतो माहीत नाही. तो खोटं बोलत नाही, साहेब. त्याला खरंच..." आणि तिथंच तुम्हाला थांबवलं. विचारलं तेवढंच बोला. ते वाक्य तुमचं तसंच अर्धं राहिलं. जन्मठेप लागली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही आपले त्या तारखेच्या मागं. सुईण शोधून काढा, गोवराचा दवाखान्याचा कागद मिळतो का बघा, शेजारणींचे जबाब घ्या. पायाला भिंगरी लावल्यासारखे नवागाम-भेस्तान पालथं घातलंत. मी म्हणायचे, गुरुजी, तारखेचं सोडा. समजा तुमची एक जून खरीच असती, तर? सव्वा वर्षात काय अक्कल उगवणार होती त्याला? कैलास पोरगी असता तर याच कायद्यानं अठरापर्यंत लेकरू ठरला असता. म्हणजे कैलासी असती तर लेकरू आणि कैलास आहे तर खुनी? तुम्ही वैतागायचात. "शोभे, कायद्याला कुठंतरी रेघ मारावीच लागते." मी म्हणायचे, मारा की! पण रेघेच्या अलीकडं सुधारगृह आणि पलीकडं सगळा जन्म, असं असतं होय? तुम्ही सातवीला नापास करायचात तेव्हा पुन्हा सातवीतच बसवायचात ना, का शाळेतूनच हाकलायचात? तेव्हा तुम्ही उठून जायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचात, नवा मुद्दा घेऊन. फटकळपणात मी तुमचीच शिष्या, हे काकूंनी कितीदा ऐकवलं असेल.

एका गोष्टीवरून मात्र मी तुमच्याशी खरंच बोलणं टाकलं होतं. दर उत्तराणीला तुम्ही आधी मुकेशच्या घरी जायचात आणि मग आमच्याकडं. मला ते झोंबायचं. आमचा माणूस जिवंत असून घरात नाही, तुम्ही आधी तिकडं का जाता? तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांचा तर येणारच नाही." बस. माफी द्या, कैलासला समजून घ्या, असलं काही तुम्ही मुकेशच्या माउलीला कधी म्हणाला नाहीत. तिच्याजवळ बसून यायचात. तुम्हाला न्यायला निघालो तेव्हा ती आणि माय तुमच्याच ओट्यावर, दोन टोकांना बसल्या होत्या. बोलल्या नाहीत एकमेकींशी, बोलणारही नाहीत. पण तुमच्यासाठी दोघी रडल्या. तुमच्यामुळंच मला हे कळलं की मुकेशसाठी वाईट वाटणं आणि कैलाससाठी भांडणं, दोन्ही एका पोटात मावतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आत्ता सांगते.

आपली शेवटची भेट. मी बडोद्याहून जेलातली मुलाखत करून आले आणि घरी न जाता तडक तुमच्याकडं आले. कैलास आता विशीला टेकलाय. शांत झालाय, गुरुजी. जाळीच्या पलीकडून म्हणाला, "ताई, मी तेव्हा असा कसा होतो गं? दोन थोबाडीत तर आता इथं रोज कोणी ना कोणी देतं. मी बाजूला होतो, हात धुतो, जेवायला बसतो. तेव्हा का नाही बाजूला झालो? तो पोरगा कोण होता, मलाच कळत नाही." हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात. टोपी काढून मांडीवर ठेवलीत. मग म्हणालात, "शोभे, त्या दिवशी कोर्टात मला हेच म्हणायचं होतं. पोरगं उंचीनं आधी वाढतं गं. स्वतःला थांबवायचं कसं, ते त्याला फार उशिरा येतं. आणि येतंच, थोडी वाट बघितली की येतंच. मी दर वर्षी बघितलंय." मी म्हटलं, "मग शिक्षा दिली त्या पोराला आणि भोगतोय हा, असं झालं ना?" तुम्ही म्हणालात, "हो." पहिल्यांदाच माझं म्हणणं मान्य केलंत. तारखेचं नावसुद्धा काढलं नाहीत. आणि म्हणालात, अहमदाबादला येतो.

पण निघताना पुन्हा तेच. "माझ्या पेनानं..." मी दारात होते, उशीर झाला होता, म्हटलं उद्या भांडू. तो उद्या काही आला नाही. म्हणून आज भांडते. गुरुजी, तुमच्या पेनानं काही केलेलं नाही. तुमच्या पेनानं एका विधवेच्या पोराला निजायला जागा दिली. त्या तारखेवरून त्याला मोठ्या माणसांच्या जेलात ढकललं ते दुसऱ्यांनी, आणि त्यांना तुम्ही भर कोर्टात खरं सांगितलं होतं. हे ओझं तुम्ही सोबत नेलं असेल तर तिथंच टाका कुठंतरी. मला ते मान्य नाही. माय म्हणते तिलाही नाही.

वकील म्हणतो, अपिलात साक्षीदार लागत नाहीत, कागदं वाचतात. वाचू देत. मी जाऊन बसणार आहे मागच्या बाकावर, मायला घेऊन. आणि मला कोणी बोलू दिलं, चुकून जरी दिलं, तर तुमचं ते वाक्य जिथं तोडलं होतं तिथून मी पुरं करणार आहे. नाही बोलू दिलं तर बाहेर पायरीवर करीन. माझा आवाज तुमच्याच शाळेत तयार झालाय.

आता आजचं सांगते, त्यासाठीच खरं तर बोलायला बसले. माझ्या पोराचं, पिंट्याचं नाव घालायला शाळेत गेले होते सकाळी. तुमच्या जागी नवीन बाई आल्यात, पोरगेल्याच आहेत, चांगल्या आहेत. पिंट्या माझा दिवाळीतला. बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, पाच वर्षांना थोडक्यात कमी पडतोय हो. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "एक जून लिहू का? इथं सगळे तेच लिहितात. वर्ष वाचेल त्याचं."

घरून निघताना नवऱ्यानं बजावलं होतं, कसंही कर पण नाव घालून ये, वर्ष वाया नको जायला. सासूबाईंचंही तेच. पिंट्या माझ्या हाताला लटकून भिंतीवरच्या तुमच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होता. मी म्हटलं, "नको बाई."

"अहो, पण मग पुढच्या वर्षी यावं लागेल."

"येऊ की. वर्ष वाया जाणं काय असतं ते आमच्या घराला माहीत आहे. हे वाया नाही जात."

बाईंनी पेन उघडून धरलं होतं. कंटाळल्या असाव्यात. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तरी कोणती तारीख लिहायची?"

मी म्हटलं, "जन्मला तीच."